रिकामा अँप ऐकणारा म्हातारा

मला तो माणूस आवडायचा नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाला असं वाटायला नको की ही त्याचे गोडवे गायला बसलीय. माझ्या नवऱ्याला विचाराल तर तो दुसरंच सांगेल, तो काका काका करत त्याच्या मागंच असायचा. माझ्यासाठी तो खालचा म्हातारा. माणिकपूरच्या मागच्या गल्लीत त्याचं घर, खाली तो एकटा, वरच्या खोलीत आम्ही भाड्यानं, मी, नवरा आणि आमची पोर. घराच्या मागं त्याची वाडी होती, म्हणजे वाडीतलं जे काय उरलं होतं ते, थोड्या केळी, दोन नारळ, पानवेलीचा एक मांडव. बाकीच्या वाडीवर त्याच्या भावांनी बिल्डिंगा उठवलेल्या. तो खुर्ची अशी टाकायचा की बिल्डिंगांकडे पाठ येईल, आणि पाहुण्यालाही तसंच बसवायचा. पाहुणा बिल्डिंगेकडे तोंड करून बसला तर त्याला चहा मिळायचा नाही.

तरुणपणी तो लग्नांत गिटार वाजवायचा. वाडीवाल्याच्या घरातला पोरगा आणि गिटार, म्हणून बापानं ती विहिरीत टाकली, आणि ह्यानं मागोमाग उडी मारून काढली, उन्हात वाळवली आणि ती फुगलेली गिटारच पुढं सगळीकडे वाजवली. असं तोच सांगायचा. खरं का खोटं देव जाणे. बाकीचे लोक खांद्यावर टॉवेल टाकतात तशी हा गळ्यात गिटारची केबल टाकायचा. बाजारात गेला तरी केबल, देवळात गेला तरी केबल. भाजीवाली म्हणायची, काका, बैल सुटला का, नुसता कासरा घेऊन फिरताय. तो हसायचा नाही. तो म्हणायचा, "कधी लागेल सांगता येत नाही."

आम्ही आधी नालासोपाऱ्याला राहायचो. तिथं नवऱ्यानं गिटार हातात घेतली की शेजारी दार वाजवायचे. माझा नवरा सातिवलीला एका कंपनीत मशीनवर होता, प्लास्टिकची झाकणं बनवायची कंपनी, आणि रविवारी एका गाणाऱ्या मित्राबरोबर हळदीला, बारशाला, कुणाच्या वाढदिवसाला वाजवायला जायचा. ह्या म्हाताऱ्यानं खोली देताना काम विचारलं नाही, जात विचारली नाही, नवऱ्याची डाव्या हाताची बोटं दाबून बघितली, टोकं कडक आहेत का ते, आणि म्हणाला, "ये राहायला. पण वाजवायचं. मुका भाडेकरू मला नको."

मला वाटलं चला, सुटलो. कुठलं सुटलो. नवरा संध्याकाळी वाजवायला बसला आणि चुकला की खालून ठक. केळीच्या घडाला टेकू द्यायचा लांब बांबू असतो ना, तो घेऊन हा खाली खुर्चीत बसायचा आणि छताला, म्हणजे आमच्या लादीला, ठोकायचा. परत चुकला, परत ठक. नवरा म्हणायचा, बघ, फुकटात मास्तर मिळाला. मला राग यायचा पण गप्प बसायचे. पण मग हा दिवसापण ठोकायला लागला, नवरा कामावर असताना, गिटार भिंतीला टांगलेली असताना. आणि नेमकं पोरीच्या झोळीखाली. मी पोरीला कसंबसं झोपवून तिथंच खाली आडवी व्हायचे आणि डोळा लागला की ठक, मी ताडकन उठून बसायचे. मी गॅलरीत जाऊन ओरडायचे.

"काका, पोर झोपलीय, काय लावलंय?"

"उठली का?"

"नाही उठली."

"मग ओरडतेस कशाला?"

 मी आत येऊन पोरीकडे बघायचे तर ती आपली गाढ. मला उलट तिचं कौतुक वाटायचं. सगळेच कौतुक करायचे. सासू गावाला मिठागराकडे राहते, ती आली की म्हणायची, "आमच्या घरान असा शांत लेकरू झालाच नाय कवा. गरीब गाय हाय पोर." कुकरची शिट्टी होऊ दे, खाली कुणी फटाके फोडू दे, माझी पोर आपल्या खेळात. नवरा म्हणायचा, गिटारवाल्याची पोर आहे, पोटात असल्यापासून सवय आहे तिला.

मग अँप घ्यायचं निघालं. गिटारचा आवाज मोठा करायचं ते खोकं. इतके दिवस मित्राचं मागून आणायचा, तो मित्र पुण्याला गेला खोकं घेऊन. नवऱ्यानं मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून एक पसंत केला होता, निळे लाइट लागणारा, आत शंभर तऱ्हेचे आवाज असलेला. म्हाताऱ्याला दाखवला तर तो म्हणाला, "हे काय आहे, गणपतीची आरास?" म्हणाला, "घरात पण वाजवायचाय, हळदीला पण न्यायचाय, एकच पाहिजे. मग हळदीचा विचार करू नको. मांडवात सगळेच अँप चालतात, तिथं कोण ऐकतंय, तिथं सगळे बिर्याणीकडे बघतात. घरात बघ. हळू वाजवल्यावर जो मरत नाही, तो घ्यायचा."

दुकानात जायला लागले दोघं, स्टेशनच्या बाजूला एक वाजपाचं, म्हणजे वाद्यांचं, दुकान आहे तिथं. नवरा घरी येऊन सांगायचा आणि हसून लोळायचा. म्हातारा अँप चालू करायचा, त्याला काहीच लावायचा नाही, गिटार नाही, माईक नाही, आणि खाली बसून जाळीला कान लावायचा. दुकानवाला विचारायचा, अंकल, काय ऐकताय, काही लावलंच नाहीये. तो म्हणायचा, "गप्प बसता येतं का ह्याला ते बघतोय. ज्याला गप्प बसता येत नाही तो बोलायला लागल्यावर काय दिवे लावणार." शूं आवाज आला की पुढचा. मग मागून वास घ्यायचा, आत काही जळतंय का. मग एका हातात उचलून दुकानाचा जिना चढायचा आणि उतरायचा, दम लागला तर तो अँप बाद, का तर हळदीची घरं नेहमी तिसऱ्या माळ्यावर असतात आणि लिफ्ट बंद असते. दुकानवाला वैतागला होता. आणि नवऱ्यानं चुकून कधी चालू अँपची केबल खेचली तर म्हातारा सगळ्यांसमोर त्याची लाज काढायचा, कारण चालू असताना केबल खेचली की भडाक असा आवाज होतो, स्पीकर फाटतो. म्हणायचा, "माणूस बोलत असताना त्याचं थोबाड दाबशील का? मग?"

अशा किती तरी खेपा झाल्या आणि अँप काही येईना. मग एक दिवस म्हातारा खालून ओरडला, बायकोला आणि पोरीला पण घे. मी म्हटलं मला काय कळतंय त्यातलं. तो म्हणाला, "घरात वाजवायचाय ना? मग घर घेऊन चल दुकानात. पोर जागी होत नाही असा अँप घेऊ." नवऱ्याला ते लय आवडलं. मलाही, खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटलं, कुणाला तरी माझ्या पोरीच्या झोपेची काळजी आहे म्हणून. मी तिला लाल फ्रॉक घातला.

दुकानात पोर माझ्या खांद्यावर पेंगत होती. नवऱ्यानं एक अँप लावला, वाजवला, पोर गप्प. दुसरा लावला, गप्प. दुकानवाला खूश, म्हणाला, "वहिनी, बेबीनं पास केला, पॅक करू?" म्हातारा म्हणाला, मोठा कर. मोठा केला. अजून मोठा कर. काचा थरथरायला लागल्या, मी म्हटलं अहो काका, पुरे आता. पोर डोळे उघडून वरच्या पंख्याकडे बघत बसलेली. आणि मग त्या माणसानं, जो दुसऱ्यांना त्या गोष्टीवरून फाडून खायचा, त्यानं स्वतः चालू अँपची केबल धरली आणि खेचली.

भडाक. मी अशी दचकले की पोर हातातून सुटली असती. तिनं भोकाड पसरलं.

नवरा म्हणाला, "काका, काय हे, घाबरवलं ना पोरीला."

"मी नाही घाबरवलं. हिनं घाबरवलं. ही उडाली म्हणून ती रडली."

आणि त्यानं पोरीला माझ्याकडून घेतलं. मी का दिली मला अजून कळत नाही. त्यानं तिला ढोल ठेवतात त्या जाड गालिच्यावर बसवलं, तोंड रस्त्याकडे, हातात एक फडकं दिलं, ती फडकं चावायला लागली. आणि तिच्या पाठीमागं त्यानं परत केबल लावली आणि परत खेचली. दुकानवाल्यानं शिवी दिली. एक गिऱ्हाईक मुलगी कानावर हात ठेवून बाहेर पळाली. मी पोरीच्या तोंडाकडे बघत होते, तिची पापणीसुद्धा हलली नाही, ती फडकं चावत होती. त्यानं परत खेचली. ती चावत होती.

"हिला ऐकू येत नाही," तो म्हणाला. जसं अँपबद्दल म्हणायचा ना, हा शूं करतो, त्याच आवाजात.

मी म्हटलं, "तुमच्या तोंडाला काही हाड आहे का?"

"मी रोज ठोकतो. तिच्या झोळीखाली. तू उठतेस, ती उठत नाही."

"रोज ठोकता म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती. मध्ये स्लॅब आहे, आवाज वर नीट पोचत नसेल असं वाटायचं. खात्री नसताना कसं बोलायचं. म्हणून इथं आणलं."

म्हणजे ते घर घेऊन चल, पोरीची झोप, ते सगळं नाटक होतं. माझ्या पोरीची परीक्षा घेतली त्यानं, खोक्यांची घेतात तशी, भर दुकानात, परक्या माणसांसमोर, आणि मी तिला लाल फ्रॉक घालून नेली होती. मला खाली बोलावलं असतं, जवळ बसवून सांगितलं असतं, पोरी, असं असं वाटतंय मला, तर काय गेलं असतं त्याचं? लोक म्हणतात बरोबर होता ना तो, मग कशाला राग धरतेस. बरोबर होता म्हणूनच धरते. चुकला असता तर विसरून गेले असते.

मी पोरीला उचललं आणि रिक्षात बसले. नवरा मागं ओरडत राहिला. रिक्षात मी तिच्या कानाशी टाळी वाजवली, बांगड्या वाजवल्या, रिक्षावाला आरशात बघत होता, बघू दे, मी तिला सारखी हाक मारत होते आणि ती माझ्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होती. घरी येऊन तिच्या मागं ताटावर उलथनं आपटलं. ताट चेपलं. मग मी खाली बसले, आणि डोक्यात एकच, आता सासूला काय सांगू.

सासू म्हणाली, "आमच्यान कोनी बहिरा नाय. तुमच्यान बघ." माझ्या माहेरी फोन करून विचारलं तिनं, तुमच्यात कोण होतं का. एक नणंद म्हणाली रात्रंदिवस ती गिटार, त्यानंच पोरीचे कान गेले. ते नवऱ्याच्या मनात असं बसलं की त्यानं गिटार कपाटामागं सारली आणि तिकडं बघायचंच सोडलं. पहिला डॉक्टर म्हणाला, लहान आहे, काही मुलं उशिरा ऐकायला-बोलायला लागतात, थांबा अजून वर्षभर. मला तेवढंच पाहिजे होतं, थांबा म्हणणारा माणूस. मी थांबले असते. पण हा म्हातारा न बोलावता आमच्याबरोबर आला होता, केबल गळ्यात, आणि त्यानं डॉक्टरला विचारलं, "थांबल्यानं काय काय बरं होतं, सांगा बरं." डॉक्टर चिडला, म्हणाला तुम्ही कोण. तो म्हणाला, "मी खाली राहतो."

मग मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं पोरीला औषध देऊन झोपवली आणि तिच्या एवढ्याशा डोक्याला वायरी लावल्या, मला ते बघवेना. तिथल्या बाईंनी सांगितलं जन्मापासून आहे, गिटारनं नाही झालेलं, अगदी मोठा आवाज थोडा थोडा पोचतो, कानाला मशीन लावा, लवकर आलात ते बरं केलंत. लवकर आलात म्हणाल्या तेव्हा म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी काहीतरी फेकून मारलं असतं.

कानाची मशीन निवडायच्या दिवशी तर त्यानं हद्द केली. मशीनवाली मुलगी माझ्याच वयाची, तिनं दोन-तीन मशिनी काढून ठेवल्या, गुलाबी, निळी, चंदेरी. नवरा गुलाबी घेऊ म्हणाला. म्हातारा म्हणाला, "परत लाइटवाला अँप. रंग काय ऐकायचाय तिला?" आणि त्या मुलीला म्हणाला, मला ऐकू दे. ती म्हणाली, काका, हे बेबीसाठी आहे. तो म्हणाला, "हा पण अँपच ना? मग ऐकल्याशिवाय घ्यायचा कसा?" तिच्याकडे डॉक्टरांसारखी नळी असते मशीन तपासायची, ती तिनं दिली, म्हणाली आता मी बोलते, ऐका. तो म्हणाला, "नको. तू गप्प बस. सगळे गप्प बसा." आणि डोळे मिटून बसला. बाहेर बाकीची माणसं, रडणारी पोरं, आणि हा रिकामी मशीन ऐकतोय. मला वाटलं जमीन फाटावी. पण ती मुलगी हसत नव्हती, ती त्याच्याकडे बघत होती. त्यानं विचारलं किती मोठा आवाज आला की फाटतो, हळू बोललेलं किती लांबून उचलतो, तिनं सगळं सांगितलं. शेवटी जी मशीन घेतली ती मातकट रंगाची, म्हाताऱ्या माणसांच्या कानात असते तशी. बाकीच्यांपेक्षा ती कमी शूं करते म्हणे.

आणि मग काहीच झालं नाही. हे कुणी सांगत नाही आधी. मला वाटलेलं लावली की पोर वळेल, हसेल. पोर मशीन ओढून काढायची, तोंडात घालायची, मी परत लावायचे, ती परत ओढायची. लावलेली असली तरी हाक मारली की वळायची नाही. ती मशीनवाली मुलगी म्हणाली आवाज येतोय, पण आवाज म्हणजे काय हे तिला शिकायचंय, तुम्ही बोलत राहा, सारखं बोला. मला नाही यायचं. काय बोलायचं एवढ्या पोरीशी, एकटीनं, दिवसभर. आणि खरी गोष्ट अशी की मला भीती वाटायची. हाक मारली आणि ती नाही वळली तर, म्हणून मी हाक मारायचीच बंद केली. घरात गिटार बंद, मी बंद, नवरा कामावरून येऊन गपचूप जेवायचा. सासूचा फोन आला की मी उचलायचे नाही, ती म्हणत होती काही दिवस पोरीला घेऊन माहेरी जाऊन राहा, आणि काही दिवस म्हणजे काय ते मला समजत होतं.

अशात एका दुपारी जिन्यात धापा टाकायचा आवाज आला. दार उघडलं तर म्हातारा, एका हातात अँप. काळा, चौकोनी, एकही लाइट नसलेला. नवऱ्यानं आणायला सांगितला नव्हता, कुणीच सांगितला नव्हता.

"हा घ्या," तो म्हणाला. "हळू वाजवला तरी मरत नाही. माईक पण लागतो. जिना चढलो, बघितलंस ना."

"परत न्या," मी म्हटलं.

"परत घेत नाहीत ते."

"मग वाडीत पुरा. माझ्या घरात आवाजाचं काही नको आता."

"का? तिला आवाज जास्ती झालाय का कमी पडलाय?"

मी दारात उभी होते, पोर माझ्या मागं खोलीत, मशीन कधी नव्हे ती कानात टिकलेली, बापानं कंपनीतून आणलेल्या झाकणांशी खेळत बसलेली. आणि मला जे काय झालं ते मलाही माहीत नाही. मला शाळेत नीट बोलायला शिकवलेलं, इथं माणिकपूरला आल्यापासून मी जपून बोलायचे, ते सगळं गेलं आणि माहेरची बोली बाहेर पडली. "तुमाला कोनी सांगितला होता माझ्या पोरीची परीक्षा घ्यायला? कोनी? तुमची पोर होती का ती? भर दुकानान, लोकांच्या म्होरं, माझी इज्जत काढलीव तुम्ही, झोपायला नाय दिलाव मना, आनि आता ह्यो डबा घेऊन आलाव? तुमच्या भावांशी बोलायची हिंमत नाय तुमाला, त्यांना पाठ दाखवता, आनि माझ्या दाराशी येऊन..."

तो नेहमी उलट बोलायचा. माझ्या एकाला त्याची दोन असायची. तेव्हा मात्र तो माझ्याकडे बघतच नव्हता, माझ्या कमरेच्या बाजूनं आत बघत होता. मला अजून राग आला, मी म्हटलं काय बघताय आत, आणि वळायला लागले.

"वळू नको," तो म्हणाला. एकदम हळू.

"काय?"

"गप्प बसू नको. बोल. तू गप्प झालीस आणि ती परत झाकणांकडे बघायला लागली."

मला कळायला जरा वेळ लागला.

"बोल," तो म्हणाला. "शिव्या दे मला. तशाच."

मग मी दिल्या. त्याच्या तोंडाकडे बघून दिल्या. मला येत होत्या तेवढ्या सगळ्या, माझ्या आजीच्या, माझ्या बापाच्या, मिठागरावरच्या बायकांच्या. त्या संपल्या तर मी पाण्याच्या मोटरवरून बोलले, जिन्यातल्या बल्बवरून बोलले, माझ्या साडीवर पानाच्या वेलीचा डाग पडला त्यावरून बोलले, आवाज फुटला होता माझा, आणि तो नुसतं सांगत होता, "वर बघितलं. झाकण ठेवलं खाली. बघतेय. अजून बघतेय, थांबू नको." अँप त्याच्या हातातच होता, त्यानं खाली ठेवला नव्हता. मग मला बोलायला काही उरलंच नाही, आणि मी पोरीचं नाव घेतलं. त्याच चिडक्या आवाजात, त्याच्याच तोंडाकडे बघत, जोरात.

 त्यानं मान हलवली, वळ म्हणून.

मी वळले. ती माझ्याकडेच बघत होती, ओठ बाहेर काढून, डोळे मोठे करून, आई ओरडली की पोरं घाबरतात ना, तशी.